मुलूखमैदान तोफ आणि फोमची गोळी

एखाद्या वक्त्याचा आवाज फार दणदणीत असला की आपण म्हणतो, "काय ही मुलूखमैदान तोफ!" ही तोफ नुसती बोलण्यातली नाही, बरे का. ती खरोखरीची आहे आणि आजही विजापूरच्या तटावर, शेर्झा बुरुजावर बसलेली आहे. मात्र तिचा जन्म विजापूरचा नव्हे. ती ओतली गेली आपल्या नगरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, १५४९ साली. निजामशाहीच्या चाकरीत असलेल्या महंमद रूमी या तुर्की ओताऱ्याने तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूची ती घडवली. लांबी सुमारे साडेचार मीटर, तोंडाचा आतला व्यास सुमारे ७० सेंटिमीटर आणि वजन सुमारे ५५ टन! पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात गेली आणि १६३२ साली तेथून विजापूरला नेण्यात आली. ती ओढायला दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसे लागली असे सांगतात. इंग्रजी अमदानीत, १८५४ साली, ती मोडीत काढायचे ठरले तेव्हा लिलावात बोली आली ती अवघी दीडशे रुपयांची. सुदैवाने विक्री थांबली, नाहीतर नगरचे हे ओतकाम कधीच भट्टीत वितळून गेले असते.

आता तोफेकडून एकदम खेळण्याकडे येऊ. जत्रेत, खेळण्यांच्या दुकानात किंवा एखाद्या मित्राच्या वाढदिवसाला तुम्ही फोमची गोळी उडवणारी प्लास्टिकची बंदूक पाहिली असेल. 'नर्फ' या अमेरिकन नावाने ती जगभर ओळखली जाते. या नावाचा पहिला माल म्हणजे १९७० साली बाजारात आलेला, घरात खेळला तरी काच न फोडणारा फोमचा चेंडू. बंदुका त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आल्या. आज त्यांच्या नकला शंभर-दोनशे रुपयांतही मिळतात. आणि अशी बंदूक हातात आली की चार दिवसांत प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न येतो: हिची गोळी आणखी लांब कशी जाईल?

प्रश्न अगदी योग्य आहे. नगरच्या ओताऱ्यापुढेही दुसरा कोणता प्रश्न होता? पण उत्तर शोधताना बहुतेक मुले एकच मार्ग धरतात. बंदूक उघडायची, आतली स्प्रिंग काढायची आणि तिच्या जागी एखादी जाडजूड स्प्रिंग कोंबायची. हा मार्ग सर्वांत वाईट का, हे या लेखात आपण हिशेबाने पाहणार आहोत.

आधी बंदुकीच्या पोटात काय असते ते पाहू. पुष्कळांना वाटते की स्प्रिंगच गोळीला ढकलते. तसे नसते. आत सायकलच्या पंपासारखा एक नळा असतो आणि त्यात एक दट्ट्या. दांडी मागे ओढली की दट्ट्या मागे येतो, स्प्रिंग दाबली जाते आणि दट्ट्याला एक प्लास्टिकचा दात अडकवून धरतो. चाप ओढला की दात सुटतो, स्प्रिंग दट्ट्याला पुढे फेकते, नळ्यातली हवा दाबली जाते आणि ती हवा अरुंद नळीत शिरून गोळीला बाहेर ढकलते. म्हणजे ही खरी हवेची बंदूक आहे. तोफेत दारूच्या ज्वलनातून तयार झालेला वायू जे काम करतो, ते येथे दाबलेली हवा करते. (काही महागड्या बंदुकांत दोन फिरत्या चाकांच्या चिमटीत सापडून गोळी बाहेर फेकली जाते. त्यांचा विचार आपण येथे करणार नाही.)

एक साधे उदाहरण घेऊ. नळ्याचा आतला व्यास ३ सेंटिमीटर आणि दट्ट्याची धाव ५ सेंटिमीटर आहे असे समजा. तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत ताणकाटा असेलच. तो दांडीला अडकवून दांडी हळूहळू मागे ओढा आणि दर सेंटिमीटरला किती बल लागते ते वहीत टिपा. समजा, सुरुवातीला २० न्यूटन लागले आणि शेवटी ४० न्यूटन. म्हणजे सरासरी ३० न्यूटन. ५ सेंटिमीटर म्हणजे ०.०५ मीटर. ३० गुणिले ०.०५ बरोबर १.५ ज्यूल. इतकी ऊर्जा तुमच्या हाताने स्प्रिंगमध्ये साठवली. ज्यांना आलेख काढायची आवड आहे त्यांनी बल आणि अंतर यांचा आलेख काढावा. रेषेखालचे क्षेत्रफळ म्हणजेच ही ऊर्जा.

आता गोळीला काय मिळाले ते पाहू. फोमची एक गोळी सुमारे १३ मिलिमीटर जाड, ७२ मिलिमीटर लांब आणि जेमतेम १ ग्रॅम वजनाची असते. चांगल्या बंदुकीतून ती सेकंदाला सुमारे २० मीटर वेगाने सुटते. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराची निमपट. ०.००१ गुणिले ४००, भागिले २. उत्तर ०.२ ज्यूल!

दीड ज्यूल दिले आणि ०.२ ज्यूल मिळाले. रुपयाला जेमतेम तेरा पैसे! बाकीचे सत्त्याऐंशी पैसे कोणी खाल्ले? त्यांचा शोध घेण्यातच या खेळण्याची खरी गंमत आहे.

पहिली आणि मोठी चोरी गळतीची. दट्ट्याभोवती एक रबरी कडे असते. ते सैल असेल तर दाबलेली हवा पुढे जाण्याऐवजी कडेने मागे निसटते. हे दुखणे फार जुने आहे. तोफेचा गोळा नळीत सहज सरकावा म्हणून तो नळीपेक्षा थोडा लहानच ठेवावा लागे आणि त्या फटीतून बराच वायू वाया जाई. जेम्स वॉटचे वाफेचे एंजिन बरीच वर्षे अडून बसले ते याच कारणाने. त्याच्या सिलिंडरची भोके इतकी ओबडधोबड होती की दट्ट्या आणि भिंत यांच्यामधून वाफ निसटत राही. मग जॉन विल्किन्सन नावाच्या इंग्रज कारखानदाराने १७७४ साली तोफांच्या नळ्या अचूक कोरण्याचे यंत्र काढले आणि त्याच धर्तीवर वॉटचे सिलिंडरही कोरून दिले. तोफेसाठी काढलेली युक्ती एंजिनाला उपयोगी पडली! तुमच्या फोमच्या बंदुकीत आणि वॉटच्या एंजिनात दुखणे एकच, आणि औषधही एकच.

हे औषध घरात करता येते. बंदूक उघडण्याआधी तिच्या प्रत्येक स्क्रूची जागा कागदावर चित्र काढून लिहून ठेवा आणि स्क्रू त्या कागदावरच ठेवा. स्प्रिंग सुटून उडते, म्हणून चाप ओढलेला आहे, दात मोकळा आहे आणि डोळ्यांवर चष्मा आहे याची खात्री केल्याशिवाय खोके उघडू नका. दट्ट्यावरचे रबरी कडे हलक्या हाताने काढा. त्याच्या खाचेत नळकामाची पांढरी टेफ्लॉनची फीत दोन वेढे गुंडाळा आणि कडे परत बसवा. आता दट्ट्या नळ्यात घालून, नळ्याचे पुढचे भोक अंगठ्याने बंद करून दट्ट्या हाताने दाबा. दट्ट्याला हवेची गादी जाणवली पाहिजे आणि हात सोडल्यावर तो थोडा मागे सरकला पाहिजे. तो तसाच आत घुसत असेल तर गळती राहिली आहे. उलट अंगठा काढल्यावरही दट्ट्या अडखळत असेल तर फीत जास्त झाली. एक वेढा कमी करा. पूर्वी सायकलच्या पंपाचा कातडी वायसर कोरडा पडला की लोक त्याला तेल लावत. येथे मात्र खोबरेल तेल नको. थंडीत ते गोठते आणि धूळही धरते. पेट्रोलियमपासून केलेले तेल किंवा जेलीही नको, कारण त्याने रबर फुगू शकते. सिलिकोनचे ग्रीस हरभऱ्याच्या दाण्याएवढे पुरते.

दुसरी चोरी दट्ट्याचीच. दट्ट्यालाही वजन असते. त्याला वेग द्यायला ऊर्जा लागते आणि शेवटी तो नळ्याच्या टोकावर 'ठप्' करून आपटला की ती सगळी ऊर्जा आवाज, हादरा आणि उष्णता यांत जाते. बंदुकीचा आवाज जितका मोठा तितकी ती जोरदार, असे मुलांना वाटते. खरे म्हणजे आवाज हा तोट्याचा हिशेब आहे. नळ्याच्या टोकाला आतून पातळ फोमची चकती चिकटवली तर आवाज कमी होतो आणि प्लास्टिकही टिकते. गोळी घातलेली नसताना बंदूक उडवू नये असे सांगतात, तेही यासाठीच. गोळी असेल तर तिच्यामागची हवा दट्ट्याला गादीसारखी थोपवते. गोळी नसेल तर तो सरळ आपटतो.

तिसरी गोष्ट नळीची. ती किती लांब असावी? येथे तुमचा अंदाज चुकण्याची फार शक्यता आहे. तोफेची नळी लांब तर मारा लांब, हे पुष्कळांच्या डोक्यात पक्के बसलेले असते. पण आपल्या बंदुकीत हवा मोजकी आहे. नळ्यात किती हवा मावते? साधारण ३५ घन सेंटिमीटर. गोळीच्या नळीचे छेदक्षेत्र सुमारे १.३३ चौरस सेंटिमीटर. म्हणजे २६ सेंटिमीटर लांबीच्या नळीत ही सगळी हवा संपते. गळती आणि घर्षण धरले तर त्याहून बरीच आधी. त्यापुढे नळी असेल तर गोळी पुढे धावते, पण तिच्यामागे ढकलायला दाब उरलेला नसतो. उलट मागे हवा विरळ होते आणि गोळी मागे खेचली जाते. लांब नळी लावल्यावर गोळी जवळ पडू लागली, अशी तक्रार करणाऱ्यांची गंमत यातच आहे.

मुलूखमैदान तोफेची नळी तिच्या तोंडाच्या व्यासाच्या साधारण सहापट लांब आहे. तोफांच्या मानाने ही फार आखूड, जवळजवळ उखळी तोफेसारखी. जवळच्या मोठ्या लक्ष्यावर भला मोठा मारा करणारे हे हत्यार. लढाईत तिच्या तोंडात तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या भरून उडवल्या अशीही गोष्ट सांगतात. ती खरी असो वा नसो, इतक्या रुंद तोंडाला ती शोभते खरी.

तुम्ही स्वतः प्रयोग करून पाहा. विजेच्या वायरिंगला वापरतात ती पातळ पीव्हीसी नळी घ्या. दुकानात जाताना एक गोळी खिशात न्या आणि नळीत सरकवून पाहा. नळी उभी धरली असता गोळी आपोआप खाली पडली तर फट जास्त आहे. तोंडाने हलकी फुंकर मारून ती सरकली नाही तर नळी घट्ट आहे. या दोहोंमधली नळी घ्या आणि तिचे ५, १०, १५, २० आणि ३० सेंटिमीटरचे तुकडे करा. कापलेली कड आतून पॉलिश पेपरने घासा. मग प्रत्येक तुकड्याने दहा-दहा गोळ्या उडवा.

पण थांबा. गोळीचा वेग मोजायचा कसा? पुष्कळ मुले गोळी किती लांब पडली ते मोजतात. ही रीत फसवी आहे. टेबलावरून, ७५ सेंटिमीटर उंचीवरून आडवी सुटलेली गोळी जमिनीवर यायला ०.३९ सेकंद लागतो. सेकंदाला २० मीटर वेगाने या वेळात ती ७.८ मीटर जायला हवी. प्रत्यक्षात ती साधारण साडेसहा मीटरवरच पडते. कारण हवेचा विरोध. १ ग्रॅमच्या या हलक्या गोळीवर सुरुवातीला हवेचा विरोध तिच्या वजनाच्या सुमारे दुप्पट असतो! वजन तिला खाली ओढते त्याच्या दुप्पट जोराने हवा तिला मागे ओढते. कापसाचा बोळा आणि तेवढाच दगड फेकून पाहा, म्हणजे हे हातालाच समजेल.

म्हणून वेग बंदुकीच्या तोंडाशीच मोजला पाहिजे. ही युक्ती बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ साली आपल्या तोफविद्येवरील पुस्तकात सांगितली. त्याने जड लाकडी लंबक टांगला, त्यात बंदुकीची गोळी रुतू दिली आणि लंबक किती हलला यावरून गोळीचा वेग काढला. लंबक पुढे-मागे हलवून त्याने दाखवून दिले की वेगवान गोळीला हवा तिच्या वजनाच्या शंभरपटीहून अधिक विरोध करते. तोवर हवेचा विरोध क्षुल्लक आहे असे तोफखान्यातले लोक मानत होते. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता म्हणून हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला.

त्याचा लंबक तुम्ही पंधरा मिनिटांत करू शकता. पुठ्ठ्याची एक लहान डबी घ्या, एक बाजू उघडी ठेवा आणि आत कापूस भरा. गोळी आदळून परत उडाली तर हिशेब चुकतो, म्हणून ती कापसात अडकून राहिली पाहिजे. डबीत थोडी माती किंवा चिखलाची गोळी ठेवून गोळीसकट एकूण वजन ५० ग्रॅम करा. डबी दोन समांतर दोऱ्यांनी टांगा म्हणजे ती गिरकी घेणार नाही. टांगणीपासून डबीपर्यंत १ मीटर उंची ठेवा. डबीच्या मागे एक हलकी कागदी पट्टी मोजपट्टीवर टेकवून ठेवा. डबी मागे सरकली की ती पट्टी ढकलली जाऊन तेथेच राहील.

हिशेब असा: गोळीचे वजन १ ग्रॅम, सगळ्याचे ५० ग्रॅम. संवेग अक्षय्य राहतो, म्हणून गोळी रुतल्यावर डबीचा वेग गोळीच्या वेगाच्या पन्नासावा हिस्सा. १ मीटर दोऱ्याच्या लंबकाला सेंटिमीटरमध्ये जितके विस्थापन मिळाले, त्याला १०० ने भागून मीटर करा, मग ३.१३ ने गुणा. हा डबीचा वेग. त्याला ५० ने गुणा, झाला गोळीचा वेग. डबी १२.८ सेंटिमीटर सरकली तर ०.१२८ गुणिले ३.१३ गुणिले ५०, म्हणजे सेकंदाला २० मीटर. (३.१३ कोठून आले? गुरुत्वत्वरण ९.८ याला दोऱ्याच्या लांबीने भागून वर्गमूळ काढा. बाकीची सिद्धता दहावीच्या विद्यार्थ्यांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेवरून स्वतः करून पाहावी.) १ ग्रॅमची एक गोळी किराणा दुकानाच्या काट्यावर नीट तोलता येणार नाही. दहा गोळ्या एकदम सोनाराच्या काट्यावर तोला आणि दहाने भागा.

हा लंबक घरात झाला की बंदुकीत केलेला प्रत्येक बदल खरा की खोटा ते ताबडतोब कळते. एका वेळी एकच बदल करा. फीत लावली, मोजा. चकती लावली, मोजा. नळी बदलली, मोजा. आलेख काढलात तर वेग आधी वाढताना, मग सपाट होताना आणि मग उतरताना दिसेल. तुमच्या बंदुकीचा कळस नेमका किती सेंटिमीटरवर येतो ते कोणत्याही पुस्तकात छापलेले नाही.

आता त्या जाड स्प्रिंगकडे येऊ. समजा, दुप्पट ताठ स्प्रिंग घातली. तेवढ्याच धावेत ऊर्जा दुप्पट साठते. गळती वगैरे तशीच राहिली असे धरले तरी गोळीचा वेग दुप्पट होत नाही, तो वर्गमुळाने वाढतो, म्हणजे फार तर १.४ पट. प्रत्यक्षात तेवढाही नाही, कारण दट्ट्या आता अधिक जोराने आपटतो. दांडी ओढायला दुप्पट बळ लागते, प्लास्टिकचा तो बिचारा दात झिजतो आणि एक दिवस तुटतो. दुप्पट कष्ट करून दीडपटही नाही! गळती बुजवणे मात्र फुकटात पडते. कारखान्यातल्या अभियंत्याला विचाराल तर तोही हेच सांगेल.

गोळीचीही रचना पाहा. तिचे डोके जड रबराचे आणि शेपूट हलक्या पोकळ फोमचे असते. वस्तुमानाचा मध्य पुढे आणि हवेचा विरोध मागे, म्हणून ती बाणासारखी सरळ जाते. एखाद्या जुन्या गोळीचे डोके काढून ती उडवा. ती हवेत कोलांट्या खाईल. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात (हे १९९४ साली सुरू झाले) जाल तर लक्षात ठेवा की जुन्या रणगाड्यांच्या तोफांत नळीच्या आतून पीळदार खाचा असतात. त्या गोळ्याला गरगर फिरवून सरळ ठेवतात. फोमच्या गोळीला फिरवण्याची गरज नाही, तिची शेपटीच ते काम करते. परदेशातले काही हौशी लोक गोळी कापून अर्धी करतात. घासणारा भाग कमी आणि डोके तेवढेच जड. हा प्रयोग तुम्हीही करू शकता. डोक्यात खिळा, छर्रा किंवा गारगोटी घालण्याचा 'प्रयोग' मात्र मुळीच करायचा नाही.

तो का नाही, तेही आकड्यांतच पाहू. डोळ्यांची पापणी धोका जाणवल्यावर मिटायला सुमारे एक दशांश सेकंद तरी लागतो. सेकंदाला २० मीटर वेगाची गोळी दीड मीटर अंतर ०.०७५ सेकंदात कापते. म्हणजे खोलीत समोर उभ्या असलेल्या मित्राच्या डोळ्यावर तुम्ही गोळी उडवली तर त्याची पापणी मिटायच्या आत गोळी पोहोचलेली असते! त्या गोळीची ऊर्जा सव्वा चौरस सेंटिमीटरच्या तुकड्यावर उतरते. वेग दीडपट केलात तर ऊर्जा सव्वादोनपट होते. तुकडा तेवढाच राहतो.

हे नुसते भय घालणे नव्हे. लंडनच्या मूरफील्ड्स नेत्र रुग्णालयातील डॉक्टरांनी २०१७ साली अशा तीन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतला एक अकरा वर्षांचा मुलगा होता. तिघांच्याही डोळ्यांत पारपटल आणि परितारिका यांच्यामधल्या जागेत रक्त साचले होते. हे सर्व साध्या फोमच्या गोळीने झाले.

आपल्या देशात १ जानेवारी २०२१ पासून विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह असणे बंधनकारक झाले आहे. त्या चिन्हामागे तपासणी असते, पण ती तपासणी दुकानातून आणलेल्या बंदुकीची. तुम्ही बदललेल्या बंदुकीची नव्हे. काही बंदुकांत नळीच्या मागे एक छोटी झडप असते. गोळी घातल्याशिवाय ती हवेला वाट देत नाही. ती काढली की हवा मोकळी सुटते आणि वेग थोडा वाढतो, म्हणून पुष्कळजण ती आधी काढतात. पण त्या झडपेमुळेच नळीत पेन्सिल किंवा खडा घालून उडवता येत नाही. ती जागच्या जागी राहू द्या. हवेचा विरोध असताना तीन-चार मीटर जास्त मिळवण्यासाठी एवढा सौदा फार महाग आहे.

याहून वेगळी आणि कितीतरी भयंकर एक वस्तू गेल्या काही वर्षांत दिवाळीच्या सुमारास दिसू लागली आहे. पीव्हीसी पाइपात कार्बाइड आणि पाणी घालून ठिणगीने पेटवायची तथाकथित 'कार्बाइड गन'. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात या नळ्यांनी शंभराहून अधिक लोकांच्या डोळ्यांना इजा झाली. त्यांत मुलेच फार होती आणि काहींची दृष्टी गेली. तिला खेळणे म्हणणेच चूक. फोमच्या बंदुकीत ऊर्जा किती आहे ते तुमच्या हाताला माहीत असते, कारण ती तुम्हीच दांडी ओढून भरलेली असते. दीड ज्यूल भरले तर दीडच्या वर एक कणही निघणार नाही. पाइपातल्या ॲसिटिलीन वायूला असा हिशेब नसतो. किती वायू जमला, हवेत किती मिसळला, ते बाहेरून कळत नाही. ठिणगी पडूनही स्फोट झाला नाही तर मुलगा काय करतो? पाइपात डोकावतो. आणि नेमका तेव्हाच वायू पेट घेतो. तोफखान्यातही न उडालेल्या तोफेच्या तोंडापुढे कोणी जात नसे, मग नळीत डोकावण्याची तर गोष्टच नको. अशी नळी कोणी आणली तर ती तेथेच ठेवून शिक्षकांना किंवा घरच्या मोठ्यांना सांगा.

आपली फोमची बंदूक घेऊन करण्यासारखे अजून बरेच आहे. उदाहरणार्थ, धक्का. क्रियेइतकीच प्रतिक्रिया असते, तर बंदूक तुमच्या हातात मागे का उसळत नाही? बंदूक ४०० ग्रॅम, गोळी १ ग्रॅम, वेग २०. बंदुकीचा मागचा वेग सेकंदाला फक्त ५ सेंटिमीटर! तुम्हाला जो हिसका जाणवतो तो गोळीचा नव्हे, दट्ट्याचा. बंदूक दोन गोल पेन्सिलींवर ठेवून, चापाला दोरा बांधून उडवा आणि ती आधी कोणत्या दिशेला हलते ते नीट पाहा. दट्ट्या मागून पुढे जातो आणि मग आपटतो, हे लक्षात ठेवलेत तर तिची ती चमत्कारिक हालचाल उलगडेल.

आणि मुलूखमैदान? तिच्या तोंडात ६६ सेंटिमीटर व्यासाचा काळ्या दगडाचा गोळा घातला असे समजा. आपल्याकडचा काळा दगड घनमीटरला सुमारे २,९०० किलोग्रॅम भरतो. गोलाच्या घनफळाचे सूत्र वापरून गोळ्याचे वजन काढा. ते सव्वाचारशे ते साडेचारशे किलोच्या मध्ये यायला हवे. गोळा सेकंदाला २०० मीटर वेगाने सुटला असे मानले तर ५५ टनांची ती तोफ किती वेगाने मागे येईल? उत्तर माणसाच्या चालण्यापेक्षा थोडे जास्त येते. एवढे धूड त्या वेगाने बुरुजावर मागे सरकू लागले तर ते थांबवायला किती ऊर्जा शोषावी लागेल, तेही काढून पाहा.